दारवान आणि देवमासा

टक्!

आरामखुर्चीतून न उठता काकांनी पाठ खाजवायची लांब लाकडी काठी पुढे केली आणि तिच्या टोकाने संगणकाचं एन्टर बटण दाबलं. पडद्यावरची छोटी खिडकी नाहीशी झाली. मग त्याच काठीने त्यांनी पाठ खाजवून घेतली आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

“काका, काय विचारत होता तो?” टिकटिकने विचारलं.

“कोण?”

“संगणक!”

“काहीतरी विचारतच असतो. आपण हो म्हणायचं. हो म्हटलं की गप्प बसतो बिचारा.”

“प्रश्न न वाचताच हो?” वकील कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं!”

“आणि याला म्हणतात सुट्टी,” काका म्हणाले. “पळा बघू बाहेर! आणि मशीनला हात लावायचा नाही. मावशीचं आहे ते.”

वकील आणि टिकटिक ही सख्खी बहीणभावंडं. दोघं सुट्टीला मावशीकडे आली होती. वकील आठवीतली, ‘पाणी ओलं असतं’ असं कुणी म्हटलं तरी ‘पुरावा काय?’ विचारणारी, म्हणून वकील. टिकटिक तिचा धाकटा भाऊ. झोपेतसुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा. आणि तिसरी मुंगी, मावशी आणि काकांची लेक. अंगाने एवढीशी, बोलायला त्याहून कमी. पण तिच्या नजरेतून टाचणी सुटायची नाही.

काका गाडी शिकवायचे. गाडीत बसले की हा माणूस वेगळाच! ‘आधी आरसा बघ! मागे कोण आहे ते बघितल्याशिवाय चाक हलता कामा नये!’ दिवसभर हाच घोष. घरी आले की मात्र आरामखुर्ची, काठी आणि हो.

मावशी घरी नव्हती. ती आवाज गोळा करायची. हो, आवाज! बेडकांचे, वाऱ्याचे, बर्फ तडकतानाचे. यावेळी ती समुद्रावर गेली होती. बोटीवरून खोल पाण्यात माइक सोडून ती देवमाशाच्या गाण्याची वाट बघत बसायची. मुंगी बालवाडीत होती तेव्हापासून मावशी हे गाणं शोधत होती. दर वेळी ती रिकाम्या हातांनी परत यायची आणि काही दिवस फार हळू बोलायची. पण परवा तिचा निरोप आला होता : “मिळालं! पूर्ण मिळालं! येतेच आहे.”

शहरातल्या संग्रहालयात या गाण्यासाठी एक अंधारं दालन बांधून तयार होतं. तिथे ते जगात पहिल्यांदा वाजणार होतं. तोवर ते कुणाच्याही कानी पडू देणार नाही, असा शब्द मावशीने दिला होता. शब्द मोडला तर दालनात गाणं दुसऱ्या कुणाचं तरी वाजलं असतं.

“आई शब्द मोडत नाही,” मुंगी एवढंच म्हणाली होती.

काका शिकवणीला गेले तशी तिघं संगणकासमोर येऊन बसली. हात लावायचा नव्हता. बघायला कुठे बंदी होती?

फार वेळ थांबावं लागलं नाही. खिडकी आली. वकीलबाईंनी ती मोठ्याने वाचली : “‘घड्याळ सेवा’ हा प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ इच्छितो. परवानगी द्या. अडवा.” खाली एक रिकामा चौकोन होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, माझं उत्तर लक्षात ठेवा.

“हा फायरवॉल,” ती म्हणाली. “आमच्या शाळेच्या संगणकावर पण आहे. आतलं कुणी बाहेर निघालं किंवा बाहेरचं कुणी आत आलं की विचारतो.”

“म्हणजे दारवान!” टिकटिक ओरडला. “पण घड्याळाला बाहेर कशाला जायचंय? फिरायला?”

वकिलीने मदतीचं पान उघडलं. (आता हात लागलाच होता, पण वाचायला लागलेली वकील म्हणजे घाटातली गाडी, थांबत नाही.) वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

“अरे... संगणक लांबच्या एका फार अचूक घड्याळाला वेळ विचारतो. मग स्वतःची वेळ नीट करतो. रोज! आपल्या नकळत!”

तिघं त्या खोक्याकडे बघत राहिली. टेबलाखाली धूळ खात पडलेलं हे करडं खोकं, त्याच्यावर काका चहाचा कप ठेवायचे. आणि ते कुठल्या तरी दूरच्या घड्याळाशी बोलत होतं!

“याला हो म्हणू या,” मुंगी हळूच म्हणाली.

मदतीच्या पानावर आणखी एक गंमत सापडली. दारवानाची स्वतःची एक खिडकी होती, त्यात दारापाशी काय चाललंय ते दिसायचं. वकिलीने ती उघडली आणि टिकटिकचा हलणारा पाय थांबला. असं कधी होत नसे.

ओळीमागून ओळ वर सरकत होती. बाहेरून ठोका, अडवला. बाहेरून ठोका, अडवला. आकड्यांचे पत्ते, प्रत्येक वेगळा. एक ओळ वाचेपर्यंत पुढच्या येऊन थडकत होत्या.

“हे... हे सगळे आपलं दार ठोठावतायत?” टिकटिक कुजबुजला. “आपण काय केलंय त्यांचं?”

“काहीच नाही. काही यंत्रं म्हणे रस्त्याने जाताना दिसेल ते दार ढकलून बघतात. उघडं दिसलं की शिरतात.”

खोलीत पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. खिडकीबाहेर एक मांजर कुंपणावर झोपलं होतं. इतकी शांत दुपार, आणि त्याच वेळी जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून याच घराच्या दारावर टकटक चालली होती! मुंगीच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, पूर्ण भीतीचा नव्हेच. रात्री गच्चीवर झोपल्यावर आभाळ किती मोठं आहे ते एकदम कळतं, तसा.

“आणि हा बिचारा एकटा उभा आहे,” ती म्हणाली. “कुणी शाबासकी पण देत नाही.”

“त्याने काही विचारलं तर काका काठी मारतात!” टिकटिक म्हणाला.

त्या दिवसापासून टिकटिकने दारवानाची बाजू घेतली, आणि जरा जास्तच घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी जी खिडकी येईल तिला त्याने ‘अडवा’ म्हटलं. ना पत्ता बघितला, ना नाव. दुपारी काका केस उपटत होते. “माझा मेल उघडत नाही! कोण शिकायला येणार, कधी येणार, सगळं त्यात आहे! मशीन बिघडलं!”

“अति तिथे माती!” वकिलीने भावाचा कान धरला. “सगळ्यांना हो म्हणणारा जसा दारवान नव्हे, तसा सगळ्यांना नाही म्हणणाराही नव्हे. अरे, विचार करायचा! हा कोण? आपण आत्ता काही सुरू केलं का, की हा स्वतःहून निघालाय? कुठे निघालाय? कळलं नाही तर फक्त या वेळी अडवायचं आणि काय बंद पडतं ते बघायचं.”

पुन्हा खिडकी आली तेव्हा तिने मेलला परवानगी दिली आणि तो सुरू झाला. काकांना वाटलं, मशीनवर चापट मारल्यामुळे झाला. मुलांनी त्यांना तसंच वाटू दिलं.

विचित्र गोष्ट मुंगीच्या लक्षात आली.

“स्वच्छस्वर,” ती म्हणाली. “तो फार विचारतो.”

स्वच्छस्वर हा प्रोग्रॅम काकांनीच आणला होता. आवाजातली खरखर काढून टाकणारा, आणि फुकट! मावशी परत आली की तिला चकित करायचं, असा त्यांचा बेत होता. “तिच्या टेपमध्ये नेहमी घरघर असते,” ते कौतुकाने सांगायचे. “एक बटण दाबलं की चकाचक!”

“पण तो उघडलेला नसतानाही विचारतो,” मुंगी म्हणाली. “काल मी संगणकावर चित्र काढलं, तेव्हा नाही विचारलं. दादाने मांजराचा आवाज मोबाइलवरून संगणकात टाकला, तर लगेच.”

दोघांनी तिच्याकडे बघितलं. मुंगी एका दमात एवढं बोलली म्हणजे मामला गंभीर होता.

“योगायोग असेल,” वकील म्हणाली. “पुरावा हवा.”

मग पुराव्याचं काम सुरू झालं. आधी फोल्डरमध्ये एक फोटो टाकला. काही नाही. एक निबंध टाकला. काही नाही. “आता आवाज हवा,” वकील म्हणाली. “चांगला, मोठा, ताजा आवाज!”

शेजारच्या खोलीतून उत्तर आलं. घर्रर्र... फुस्स. घर्रर्र... फुस्स. काका जेवून आडवे झाले होते.

टिकटिक चवड्यांवर चालत गेला आणि मोबाइलवर घोरणं पकडून आणलं. ते फोल्डरमध्ये पडलं मात्र, खिडकी हजर! ‘स्वच्छस्वर इंटरनेटवर जाऊ इच्छितो.’

“बापरे!” टिकटिक म्हणाला.

“या वेळेपुरतं जाऊ दे,” वकील म्हणाली. “काय नेतो ते बघू.”

परवानगी दिली. दारवानाच्या खिडकीत ‘बाहेर पाठवलेलं’ असा एक आकडा होता. तो भराभर वाढत गेला आणि एका जागी येऊन थांबला. वकिलीने घोरण्याच्या फाइलचा आकार बघितला. जवळजवळ तेवढाच!

“घोरणं गेलं!” टिकटिक ओरडला. “काकांचं घोरणं जगात गेलं!”

तिघंही हसली, पण मुंगी आधी थांबली. “आज आई येणार,” ती म्हणाली. “आल्या आल्या ती गाणं याच मशीनमध्ये उतरवणार. नेहमी तसंच करते.”

हसू जागच्या जागी विरलं.

वकिलीने आईने दिलेला मोबाइल काढला आणि स्वच्छस्वरवाल्यांचं संकेतस्थळ शोधलं. प्रोग्रॅम घेताना मान्य करायच्या अटी तिथे होत्या, लांबच लांब. जन्माला आल्यापासून त्या कुणी वाचल्या नसाव्यात. वकिलीने वाचल्या. तुमच्या संगणकावरचे आवाज आम्ही घेऊ, असं तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. आणि ‘ताजे आवाज’ नावाचं एक पान होतं, कुणीही यावं आणि ऐकावं. तिने वरचं बटण दाबलं.

घर्रर्र... फुस्स.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला!” वकील म्हणाली. “काका कुठे आहेत?”

काका तोवर उठून शिकवणीला गेले होते. वकील आणि टिकटिक चपला घालायला न थांबता पळाली. मुंगी जरा मागे राहिली, मग तीही आली.

चौकाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर काकांची गाडी गोगलगायीच्या वेगाने येत होती. चाकावर एक शिकाऊ आजोबा होते, घामाने भिजलेले.

“काका! थांबवा! हे ऐका!”

“आजोबा, आधी आरसा, मग ब्रेक. शाबास. काय रे, आग लागली का?” काकांनी मोबाइल कानाला लावला आणि नाक मुरडलं. “शी! कोण हे? किती असभ्यपणे घोरतंय! असल्या माणसांना काही लाज?”

“पुढे ऐका.”

घर्रर्र... फुस्स... “आरसा! आरसा बघ आधी!”... घर्रर्र...

शिकाऊ आजोबांनी दचकून आरसा बघितला. काकांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

“हा मी आहे,” ते म्हणाले.

“तुम्ही आणलेल्या प्रोग्रॅमने तुम्हाला चोरून नेलं,” वकील म्हणाली. “दारवान प्रत्येक वेळी विचारत होता, काका. तुम्ही काठीने हो म्हणत होता. मागे कोण आहे ते न बघता तुम्ही गाडी काढाल का?”

काकांनी मोबाइल कानावरून खाली घेतला. आणि तेवढ्यात समोरून एक रिक्षा गेली. आत पाठपिशवी, माइकची लांब दांडी, आणि मावशी! तिने हात हलवला आणि रिक्षा घराच्या दिशेने वळली.

“फोन करा!” टिकटिक किंचाळला. काकांनी केला. बंद. समुद्रावरून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये जीव कुठला!

“आजोबा, घरी! लवकर!” काका म्हणाले. आजोबांनी आरसा बघितला, दुसरा आरसा बघितला, हाताने खूण केली, पुन्हा आरसा बघितला. शिकवणी अगदी पक्की झाली होती.

“पळा!” काका दार उघडून उतरले आणि पळत सुटले. पोट, चष्मा, गळ्यातली शिट्टी, सगळं हेलकावत होतं. मुलं त्यांच्या पुढे. रस्ता संपता संपेना.

दार उघडंच होतं. मावशी संगणकासमोर बसली होती, केस मिठाने चिकटलेले, डोळे लाल. तिचं यंत्र तारेने संगणकाला जोडलेलं होतं.

“उतरवू नकोस!” चौघं एकदम ओरडली.

“अरे, झालं उतरवून!” ती हसून म्हणाली. “काय झालं तुम्हाला?”

“खिडकी आली होती? तू हो म्हणालीस?”

“कसली खिडकी? काहीच विचारलं नाही.”

काका भिंतीला टेकून खाली बसले. विचारलंसुद्धा नाही, म्हणजे न विचारताच गेलं! टिकटिकच्या डोळ्यांत पाणी आलं. वकिलीने दारवानाची खिडकी उघडली.

स्वच्छस्वर, बाहेर निघाला, अडवला. स्वच्छस्वर, बाहेर निघाला, अडवला. पानभर तेच. पुन्हा पुन्हा धडका मारून मारून तो तिथल्या तिथे उभा होता. बाहेर पाठवलेलं : शून्य.

“हे कुणी केलं?” वकील म्हणाली.

“मी,” मुंगी म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. “तुम्ही पळालात, तेव्हा मी घोरणं पुन्हा फोल्डरमध्ये टाकलं. खिडकी आली. मग ‘अडवा’ दाबलं आणि ‘लक्षात ठेवा’च्या चौकोनात खूण केली. आता तो कुणालाच विचारणार नाही. आईलाही नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बोलू कुठे देता! आणि... बाबा म्हणाले होते, मशीनला हात लावायचा नाही.”

काका उठले. त्यांनी मुंगीला उचललं, ती आता उचलण्याइतकी लहान नव्हती तरी. “चुकलं माझं,” ते मावशीला म्हणाले. “तुला खूश करायला निघालो होतो. तुझं गाणं मी माझ्या हातांनी घालवणार होतो.” आणि सगळी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, घोरण्यासकट. मावशी आधी घाबरली, मग इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग मात्र तिने तिन्ही मुलांना जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

स्वच्छस्वर त्याच मिनिटाला काढून टाकला. मांजराचा आणि काकांचा आवाज तुमच्या पानावरून उतरवा, असं त्या लोकांना वकिलीने खणखणीत भाषेत कळवलं.

“संग्रहालयाला शब्द दिलाय, पण तो बाहेरच्यांसाठी,” मावशी म्हणाली. “ज्यांनी हे राखलं ते बाहेरचे नव्हेत. बसा.”

तिने पडदे ओढले आणि मोठे स्पीकर लावले.

आधी नुसतं पाणी. मग खूप खालून एक सूर आला. तो कानांना ऐकू यायच्या आधी छातीत जाणवला. खिडकीची काच हळूच थरथरली. सूर वर चढला, वळला, एवढ्या मोठ्या प्राण्याच्या गळ्यातून एवढं नाजूक काही निघेल असं कुणाला वाटलं नसतं. मध्येच तो थांबला. पाणी, नुसतं पाणी. टिकटिक श्वास घ्यायचा विसरला होता.

“थांबलं की तिथे काहीतरी आहे,” मुंगी म्हणाली.

“तिथे काही नाही गं, घरघर आहे समुद्राची.”

“नाही. आहे.”

मावशीने हेडफोन चढवले आणि ती जागा पुन्हा लावली. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा लावताना तिचा हात तोंडावर गेला.

“दुसरा आहे,” ती म्हणाली. “लांब कुठेतरी दुसरा देवमासा आहे. हा गातो, मग थांबतो, आणि तो उत्तर देतो. इतके दिवस बोटीवर मी हे ऐकत होते आणि मला कळलं नाही!”

“मी ती घरघर साफ करणार होतो,” काका अगदी हळू म्हणाले. “त्याच्यासकट.”

मावशीने काकांच्या फोनवरून संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना फोन लावला. “एक नव्हे, दोन आहेत,” ती सांगत होती. “मला नाही सापडलं. माझ्या लेकीला सापडलं. आणि हे गाणं आज माझ्याकडे आहे ते या तीन मुलांमुळे. पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत तिघांच्या जागा ठेवा.” पलीकडून प्रमुख बाईंनी मुलांना फोनवर बोलावून प्रत्येकाला वेगळी शाबासकी दिली. वकिलीने या वेळी पुरावा मागितला नाही.

मग सगळे पुन्हा अंधारात येऊन बसले. मुंगी आईच्या मांडीवर, काका जमिनीवर.

“पुन्हा लाव,” काका म्हणाले. “या वेळी मी दुसऱ्याचं ऐकतो.”